शेजाऱ्याचे छप्पर
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



महोत्सवप्रसंगी मागे वळून पाहण्याची रीत आहे. कोनशिला कोणी बसविली, घंटा कोठून आणिली, पहिली मिस्सा कोणाच्या ओसरीवर झाली, हे वडीलधाऱ्यांनी आज सांगितले, आणि ते सांगितले गेले हे योग्यच झाले. चालकांनी आम्हांकडे जो विषय सोपविला आहे तो याहून साधा आहे. देवाचे घर आपण बांधिले. आता शेजाऱ्याच्या घराकडे पाहावयाचे आहे. ज्यांच्या हाती सरकारी अधिकार नाही व गाठी मोठे द्रव्य नाही, अशी तुमच्याआमच्यासारखी माणसे परवडणारे घर शोधणाऱ्या अथवा गळके छप्पर दुरुस्त करू पाहणाऱ्या कुटुंबाच्या उपयोगी कशी पडू शकतील, हा तो विषय होय.

निगडीच्या ‘ओटा स्कीम’ या वस्तीचे नाव आपण नित्य ऐकतो. परंतु त्याचा अर्थ क्वचितच मनात आणतो. ओटा म्हणजे जमिनीपासून उचललेला, पावसाचे पाणी चढू नये असा चौथरा. तो तयार मिळावा आणि त्यावरचे घर कुटुंबाने आपल्या ऐपतीने व आपल्या सोयीने चढवावे, ही कल्पना त्या दोन अक्षरांत आहे. आमच्या आजच्या सांगण्याचे सारही तेच. साहाय्य करणाराने शेजाऱ्याला ओटा द्यावा. घर ज्याचे त्याने उभारावे. असे झाले तरच ते घर त्याचे होते आणि त्याचे राहते.

हा प्रश्न आपल्या भागात कसा उत्पन्न झाला, हे प्रथम थोडक्यात पाहू. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढे १९६० नंतरच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने भोसरी, चिंचवड, आकुर्डीकडील माळ व शेते कारखान्यांसाठी घेतली, आणि मोटारी, रिक्षा, यंत्रे यांचा येथे सुकाळ झाला. १९७२ च्या दुष्काळाने नगर जिल्ह्यातील, म्हणजे ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात त्या मुलखातील, व मराठवाड्यातील पुष्कळ माणसांस गाव सोडावयास लाविले. या सभेत बसलेल्या कित्येकांच्या घराण्यांचा प्रवास त्याच वाटेने झाला आहे. योगायोग असा की, त्याच १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. कामगारांस परवडेल अशी जागा मिळावी, हा त्याचा मुख्य हेतू. प्राधिकरणाने रस्ते नीट आखले, पेठा वसविल्या. परंतु येणाऱ्या माणसांचा ओघ त्याच्या आखणीहून मोठा निघाला. २०२१ साली ते प्राधिकरण महानगर विकास प्राधिकरणात विलीन झाले. २०११ च्या शिरगणतीतच या महानगरपालिकेच्या हद्दीत १७ लाखांहून अधिक लोक मोजले गेले होते.

चाकणचे नाव पूर्वी इतिहासात संग्रामदुर्गासाठी आणि बाजारात कांद्यासाठी घेतले जात असे. गेल्या पाव शतकात ते मोटारींचे आगर झाले. नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांतून खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि ठेकेदाराकडे काम करणारी माणसे, कोणी एकटी तर कोणी बायकामुलांसह, त्यांत राहू लागली. मोटारीचे दार असे घट्ट बसवावे लागते की, मुसळधार पावसातही आत थेंब शिरू नये. ते दार दिवसा बसविणारा हात रात्री आपल्याच पत्र्याखाली बालदी सरकवीत असतो! या विसंगतीचा दोष एका कोणाच्या माथी मारता येणार नाही; पण ती पाहून स्वस्थ बसणे मात्र आपणांस शोभणारे नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. चिखलीस घरकुलाच्या इमारती झाल्या; २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेखाली चऱ्होली व बोऱ्हाडेवाडी येथे सदनिका उभ्या राहिल्या. तथापि अर्ज आणि किल्ली यांच्यामध्ये किती पावसाळे जातात, हे ज्याने अर्ज केला त्यास विचारावे. सोडत एकाची निघते, शेजारच्या दहांची निघत नाही. त्या दहांस या वर्षीचा पाऊस आहे त्याच घरात काढावयाचा असतो. स्वयंसेवकाची गरज नेमकी येथे लागते. ती कशी पुरवावी हे शिकविणारी उदाहरणे जगात आहेत, आणि आपल्या अंगणाजवळही आहेत.

पहिले उदाहरण आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील. १८३३ च्या एप्रिल महिन्यात पॅरिस शहरी फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने थोड्या मित्रांसह गरिबांच्या सेवेसाठी एक मंडळ काढले. तेच पुढे संत विन्सेंट डी पॉल संस्था म्हणून जगभर पसरले, आणि आपल्याकडील अनेक धर्मग्रामांत त्याच्या शाखा आज काम करीत आहेत. या तरुणांपाशी पैसा नव्हता आणि अनुभवही नव्हता. गरीब वस्तीत आयुष्य घालविणाऱ्या सिस्टर रोझाली यांनी त्यांस मार्ग दाखविला: घरी जा, बसा, ऐका, मग काय द्यावयाचे ते ठरवा. तेव्हापासून गृहभेट हा त्या संस्थेच्या कामाचा कणा आहे. ओझानाम १८५३ साली वारले. १९९७ साली दुसरे जॉन पॉल पोप यांनी त्यांस धन्य म्हणून घोषित केले. घराच्या बाबतीत हा धडा फार मोलाचा आहे. छप्पर कोठे गळते हे रस्त्यावरून दिसत नाही. ते आत बसूनच कळते.

दुसरे उदाहरण आपल्या लोकलच्या वाटेवरचे. चिंचवडहून लोणावळ्याकडे जाताना लोणावळ्याच्या अलीकडचे स्थानक मळवली. त्या परिसरातील पाटण गावी २००६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस एक विलक्षण दृश्य दिसले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर, वय वर्षे ८२, आपल्या पत्नी रोझलिन यांच्यासह तेथे आले आणि घरांच्या भिंती उभारणाऱ्यांत सामील झाले. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या वतीने देशोदेशींच्या सुमारे २,००० स्वयंसेवकांनी सुमारे एका आठवड्यात १०० घरांचे काम तेथे हाती घेतले होते. नटांची नावे वर्तमानपत्रांत गाजली. पण आम्हांस महत्त्वाचे वाटते ते त्या संस्थेचे मूळ तत्त्व. १९७६ साली ती स्थापन करणारे मिलर्ड फुलर हे वकील व यशस्वी व्यापारी होते. आपली संपत्ती वाटून टाकून ते जॉर्जिया संस्थानातील एका शेतवसाहतीत राहावयास गेले, आणि तेथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा नेम घातला की, घर विकताना नफा घेऊ नये, उधारीवर व्याज लावू नये, घरधन्याने स्वतःच्या हातांनी बांधकामात श्रम करावे, आणि त्याच्या फेडीच्या हप्त्यांतून पुढच्याचे घर उभे राहावे. ते प्रॉटेस्टंट पंथाचे होते. पण चांगली गोष्ट कोणत्या पंथाकडून शिकलो याचा हिशेब ठेवण्याचे कारण नाही. या नेमात घेणारा लाचार होत नाही आणि देणारा फुगत नाही. हप्ता फेडणारा प्रत्येक जण न पाहिलेल्या कोणाच्या तरी घराचा ओटा घालीत असतो.

तिसरे उदाहरण दुःखाच्या पोटी जन्मलेले आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीच्या भूकंपाने लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली. सुमारे आठ हजार माणसे मरण पावली. त्यांतील पुष्कळांचा घात त्यांच्याच घरांनी केला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद; भिंतीचे आतील व बाहेरील थर एकमेकांस बांधलेले नसल्यामुळे ती फुगून दुभंगली आणि माळवद खाली आले. नव्या वसाहतींची चर्चा पुष्कळ झाली. परंतु जी घरे पडली नव्हती, केवळ तडकली होती, त्यांची दुरुस्ती व मजबुती हे काम त्याहूनही विस्तृत होते. अशी दीड लाखाहून अधिक घरे होती. घरधन्याने सरकारी साहाय्य घेऊन स्वतः दुरुस्ती करावयाची होती. पण भिंतीत आरपार दगड कसा घालावा, कोपरे कसे जखडावे, छताखाली पट्टा कसा द्यावा, पुढचा हप्ता कधी मागावा, हे त्यास सांगणार कोण? तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. ज्यांनी आयुष्यभर भिंती सारविल्या होत्या त्यांनी आता भिंत पारखण्याची विद्या शिकून घेतली, ती दारोदार सांगितली, आणि गवंड्याचे काम उभे राहून तपासले. त्यांनी कोणास पैसा दिला नाही. त्यांनी ज्ञान दिले, आणि ते पैशाइतकेच कामास आले.

चौथे उदाहरण पुण्याच्या येरवड्याचे. केंद्र सरकारने २००५ साली आरंभिलेल्या नागरी पुनरुत्थान अभियानाखाली तेथील वस्त्यांत, कुटुंबांस दूर न हलविता, जुन्या झोपडीच्या जागीच सुमारे २७० चौरस फुटांची पक्की घरे बांधण्याचे काम झाले. त्यांत मदर तेरेसा नगर नावाचीही एक वस्ती आहे. खर्चाचा दहावा हिस्सा कुटुंबाने घालावयाचा होता. महिला मिलन या बचत करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने घरोघर मोजणी केली, कोणाची भिंत कोणाच्या भिंतीस लागून आहे ते टिपले, आणि कोणाचे घर कसे असावे यासाठी कुटुंबांस वास्तुशिल्पकाबरोबर बसविले. याच पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने ‘एक घर, एक शौचालय’ हे कार्य चालविले असून ते आपल्या पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांतही पोहोचले आहे. संस्था साहित्य दाराशी आणून देते. बांधून घेण्याचा भार कुटुंब उचलते. येथेही ओटा एकाचा आणि घर दुसऱ्याचे, हीच वाटणी आपणांस आढळते.

या चार उदाहरणांतून आपण आपल्यापुरते काय घ्यावे? आमची सूचना नम्र आहे. आपल्या धर्मग्रामात एक गृहदुरुस्ती मंडळ असावे. त्यास लागणारी माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत. या सभेत फिटर आहेत, वेल्डर आहेत, वीजतंत्री आहेत, रंगारी, सुतार, गवंडी आहेत. निवृत्त झालेले पर्यवेक्षक तर पहिल्याच रांगेत बसले आहेत. आपल्या पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, काहींची रविवारी. महिन्यातून एक सुटीचा अर्धा दिवस प्रत्येकाने दिला तरी काम चालेल.

पहिले काम पाहणीचे. चैत्र-वैशाखात, उन्हाचा कडाका असतानाच, दोघादोघांनी घरोघर जावे; त्यांत एक तरी स्त्री असावी. पत्र्याचे हुक सैल झाले आहेत काय, त्याखालचे वायसर झिजले आहेत काय, भोके पडली आहेत काय, पन्हळ तुंबली आहे काय, हे पाहावे. रस्त्यावर दरवर्षी नवा थर चढतो आणि घराचा उंबरा खाली जातो. अशा घरात पहिल्याच सरीला गल्लीचे पाणी शिरते. तेथे दाराशी बंधारा व पाण्यास वाट करून द्यावी लागते. विजेची तार उघडी असून ओल्या भिंतीवरून गेली असेल, तर ते काम छपराच्याही आधी. कारण गळक्या घरात मनुष्य भिजतो. सदोष तारेने त्याचा प्राण जातो. अशा घरी अर्थ लीकेज ब्रेकर बसविणे हा काही चैनीचा खर्च नव्हे. वायसर बदलणे, भोक बुजविणे, पन्हळ साफ करणे, पत्र्यावर पांढरा रंग देऊन उन्हाचा ताप कमी करणे, ही कामे लहान आहेत. मृग लागण्यापूर्वी ती झाली तर एका कुटुंबाचे धान्य, अंथरूण आणि मुलांची पुस्तके वाचतात. मृग लागल्यावर तेच काम दुप्पट खर्चाचे व तिप्पट धोक्याचे होते.

दुसरे काम कागदाचे. अर्ज कोठे करावा, उत्पन्नाचा दाखला कोठे मिळतो, घर पत्नीच्या नावे अथवा दोघांच्या नावे असावे ही अट का आहे, हे कित्येकांस ठाऊक नसते. पगारपत्रक नसलेला मनुष्य बँकेच्या दारातूनच परत फिरतो. पत्ता गावाकडचा, राहणे चाकणला, अशाने कागद अडतात. अशा वेळी जो दलाल पैसे घेऊन सोडतीत नाव काढून देतो म्हणतो, त्याच्या हाती वर्षाची बचत जाते. लिहितावाचता येणाऱ्या एका शेजाऱ्याने दोन सकाळी त्या कुटुंबाबरोबर कचेरीत घालविल्या तर हे संकट टळते. आपल्या शिक्षित तरुणांनी व तरुणींनी हे काम अंगावर घ्यावे.

तिसरे काम पैशाचे, आणि ते आम्ही मुद्दाम शेवटी ठेविले आहे. मंडळापाशी एक लहानसा फिरता निधी असावा. त्यातून साहित्यासाठी बिनव्याजी रक्कम द्यावी, ती सोयीच्या हप्त्यांनी परत यावी, आणि पुढच्या घरी जावी. ज्यास फेडणे अगदीच अशक्य, अशा वृद्ध विधवेस वा आजारी मनुष्यास ती देणगी म्हणून द्यावी. पण त्याचा बोभाटा होऊ नये. कोणाचे घर दुरुस्त केले त्याची यादी देवळात वाचू नये, आणि दात्याच्या नावाची पाटी गरिबाच्या भिंतीवर लावू नये. भिंत त्याची आहे.

काही मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण उत्साहाने केलेले अडाणी काम उपकाराऐवजी अपकार करते. तुळई, खांब, भार वाहणारी भिंत यांस अभियंत्याने पाहिल्याशिवाय हात लावू नये. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर पाय देऊ नये. तो दिसतो मजबूत आणि मोडतो अचानक. त्यास करवत वा ड्रिल लावू नये. जुन्या पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे. मुख्य कळ बंद केल्याशिवाय तारेस स्पर्श करू नये. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या पट्ट्यात, ज्यास लोक रेडझोन म्हणतात, तळवडे-रूपीनगरकडील पुष्कळ घरे आहेत. तेथे नवे बांधकाम मंडळाने करू नये, कायद्यात बसेल तेवढीच डागडुजी करावी. आणि भाड्याच्या खोलीत काम करावयाचे असेल तर मालकाशी आधी बोलून, ठरावीक काळ भाडे वाढणार नाही, एवढे लिहून घ्यावे. नाहीतर आपण छप्पर नीट करावयाचे, आणि त्याच नीट छपरामुळे भाडे वाढून ते कुटुंब रस्त्यावर यावयाचे, असा विपरीत प्रकार घडेल.

एक प्रश्न विचारला जाईल: हे केवळ आपल्या लोकांसाठी, की सर्वांसाठी? चाळीच्या छपरास धर्म नसतो. एका खोलीचा पत्रा बदलला आणि लगतच्या खोलीचा तसाच राहिला, तर पाणी सामाईक भिंतीतून दोघांकडेही झिरपते. जो शेजारी आहे तो आपलाच.

आता शेवटची गोष्ट. महोत्सवाच्या निधीत काही रक्कम शिल्लक राहील, असे चालक म्हणतात. प्रवेशद्वारी कमान उभारावी असे एक मत आहे. कमान वाईट नव्हे. सणाच्या दिवशी तिच्याखालून जाताना मन प्रसन्न होते. परंतु आपल्या समाजात अशी घरे आहेत की, ज्यांतील माणसे सणाला येताना घरातील पाणी उपसून येतात. त्यांनी कमानीकडे कोणत्या डोळ्यांनी पाहावे? आमची विनंती एवढीच की, कमानीचा विचार एक वर्ष लांबणीवर टाकावा आणि ती रक्कम फिरत्या निधीचे मूळ भांडवल व्हावी. कमान एका जागी उभी राहते. ही रक्कम घरोघर फिरेल, आणि पुढचा महोत्सव येईल तेव्हाही ती कोणाच्या तरी घरी कामास लागलेली असेल.

संत योसेफ सुतार होते. त्यांच्या हातची कोणतीही इमारत आज कोणी दाखवू शकत नाही. पण त्यांनी नाझरेथच्या शेजाऱ्यांची दारे-खिडक्या नीट केल्या असतील, यात आम्हांस तरी शंका वाटत नाही. तेवढे काम आपल्याही हातून होण्यासारखे आहे. मृगास अद्याप अवकाश आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी सभेनंतर आपले नाव व आपला धंदा लिहून द्यावा. पैसा नसला तरी चालेल, पाना-पकड असली म्हणजे झाले.